थंड इंजिन बंद करायचं नसतं

चावी फिरवल्यावर आवाज आला, पण तो आवाज चुकीचा होता. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. आवाजातलं मात्र कळत होतं. तीस वर्षं लोकांचे कान तपासण्यात घालवलेला माणूस तो, आवाज चुकला की त्याच्या मानेमागे काहीतरी सरकायचंच. स्टार्टर फिरत होता, पण मोकळा, सैल, शिलाई मशीनचा पट्टा उतरल्यावर चाक फिरतं तसा. त्याने चावी सोडली, पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. अंगणात पेट्रोलचा वास पसरला आणि त्या वासाबरोबर त्याला कालची संध्याकाळ आठवली. काल ड्रेनेजची माणसं आली होती. त्यांना हवं असलेलं झाकण नेमकं या गाडीखाली होतं. त्याने गाडी सुरू केली, आठ पावलं मागे घेतली आणि बंद केली. वीस सेकंद, फार तर पंचवीस. झाकण उघडलं, माणसं आपलं काम करून गेली, तो हात धुऊन चहा प्यायला बसला. आपण काही केलंय असं तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं.

गाडी त्याची नव्हती, दादाची होती. दोन दारांची, बुटकी, विटकरी रंगाची गाडी; पंचवीस वर्षांपूर्वी दादाने ती भंगारातून उचलली आणि दोन वर्षं खपून पुन्हा उभी केली. बाकीच्या गाड्यांच्या इंजिनात दट्टे वरखाली नाचतात, हिच्या इंजिनात दोन तिकोनी लोखंडं, एक पुढे आणि एक मागे, गरागरा फिरतात, म्हणून दादाने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. भिंगरीचं कौतुक घरात सगळ्यांनी भरपूर सोसलं होतं. जेवताना, झोपताना, कुणी आजारी असताना, दादा तिचा एक नियम तरी सांगायचाच, आणि पहिला नियम ठरलेला: थंड इंजिन बंद करायचं नसतं. एकदा सुरू केलं की तापेपर्यंत दहा मिनिटं चालू ठेवायचं, घराला आग लागली असली तरी. बारा दिवसांपूर्वी दादाला पोटाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात ठेवलं, त्याच सुमारास त्यांची गल्ली खणून ठेवलेली, म्हणून वहिनींनी गाडी इथे आणून लावली. चावी देताना त्यासुद्धा म्हणाल्या होत्या, ‘‘भाऊजी, शक्यतो हलवू नका. हलवलीतच तर लगेच बंद करू नका हं.’’ तो हो हो म्हणाला होता. ऐकू येणं आणि ऐकणं यांतला फरक तो रोज चार माणसांना समजावून सांगत असे.

आज त्याचा दवाखाना बंद असायचा वार होता आणि दुपारी चारला दादाला घरी सोडणार होते. काल रात्री वहिनींचा निरोप आला होता. फोनवर उमटलेली ती अक्षरं त्याने इतक्या वेळा वाचली की पाठ झाली होती. ‘‘चारला सोडतील. हे म्हणतायत टॅक्सी नको, भिंगरीच हवी. मी म्हटलं मी येऊन घेऊन जाते, तर म्हणाले, ती त्याच्याकडेच आहे ना? मग त्यालाच आणू दे.’’ त्यालाच. त्या एका शब्दापाशी तो पुन्हापुन्हा येऊन थांबला होता. नऊ वर्षांत दादा त्याच्याशी थेट एक शब्द बोलला नव्हता. लग्नकार्यात, मयताला, भाचीच्या घरी, एकाच खोलीत बसायची वेळ यायची. आणि मग दादा शेजारच्या कुणाला तरी सांगायचा, ‘‘त्याला म्हणावं, जेवून घे.’’ आणि हा तिथून दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. पहिल्या वर्षी राग येत असे, नंतर लाज वाटू लागली, आणि अलीकडे तर सवयच झाली होती. तसं पाहिलं तर ‘त्यालाच आणू दे’ हाही तिसऱ्याच माणसाकडे दिलेला निरोप होता. पण नऊ वर्षांत दादाने त्याच्याकडून काही मागितलं ते हे पहिलंच. आणि ते त्याने आठ पावलांत घालवलं होतं.

बायको वरून खिडकीतून बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तिला सगळं नेहमीच जरा आधी कळायचं. ‘‘बॅटरी उतरली म्हणून सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘बॅटरी काय, कुणाचीही उतरते. त्यात कुणाचा दोष नसतो. टॅक्सी करा, दार उघडा, हात धरून उतरवा. ऑपरेशन झालेला माणूस भांडतो थोडाच.’’ हे शहाणपणाचं होतं. तो बोनटवर हात ठेवून उभा राहिला. पत्रा थंडगार होता. दोष नसण्याची त्याला फार ओढ होती, आणि ती ओढ नवी नव्हती हेही त्याला ठाऊक होतं.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला. त्याने बोनट उघडलं, वाकून पाहिलं, डोकं बाहेर काढलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘‘साहेब, हिचं बाकीचं इंजिन कुठंय?’’ मग त्याने दहा-बारा वेळा स्टार्टर मारला, प्रत्येक वेळी पेट्रोलचा वास वाढत गेला आणि बॅटरीचा जीव कमी होत गेला. शेवटी त्याने आपल्या दुकानातली भरलेली बॅटरी आणून दिली, वायर पुसली, हातही पुसले. ‘‘खोटं कशाला बोलू, असलं इंजिन मी आजवर फक्त ऐकून आहे. अशा गाड्या एकाच माणसाच्या असतात, साहेब. ज्याची आहे त्यालाच विचारा.’’ पैसे देऊ लागला तर म्हणाला, ‘‘सुरू झाली तर बोलवा, बघायला येईन.’’ आणि गेला. अकरा वाजून गेले होते. अंगणात ऊन उतरलं होतं, ड्रेनेजच्या झाकणाभोवती कालची ओली माती वाळून तडकली होती.

ज्याची आहे त्याला विचारा. तो पायरीवर बसला आणि फोन हातात नुसताच फिरवत राहिला. दादा इंजिनांच्या कारखान्यात होता, तपासणीच्या खोलीत. नवीन इंजिन तिथे बांधून सुरू करायचे आणि दादा एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटायचा आणि सांगायचा, तिसऱ्या बेअरिंगला बघा. यंत्रं लावून इंजिनीअर दोन तासांनी त्याच जागी पोचायचे. लहानपणी दोघं एका खोलीत झोपत, तेव्हाही दादा अंधारात सांगायचा की आता वडिलांची सायकल कोपऱ्यावर आली, साखळीला तेल नाहीये. आणि मिनिटभराने वडील दारात. कान हा दादाचा प्रांत होता. धाकटा पुढे कान तपासायचं शिकला त्याला तेच कारण असावं, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. मग कारखान्याने कामगारांचे कान दर वर्षी तपासायचं काम त्याच्याच दवाखान्याला दिलं. दादा रांगेत उभा राहून सगळ्यांना हसवत होता की आज धाकटा मला नापास करतोय की काय बघतोच. जाड भिंतींची ती छोटी खोली, तिला एक काच, आत खुर्ची, कानांवर चढवायचे गोल, उजव्याला लाल, डाव्याला निळा, आणि हातात एक बटण. ऐकू आलं की दाबा. दाबलं की बाहेर त्याच्या समोर दिवा लागायचा. त्या पहिल्या वर्षी दोन मिनिटांतच त्याच्या लक्षात आलं की दादा आवाज ऐकत नाहीये, काचेतून त्याच्या हाताकडे बघतोय. हात खाली गेला की बटण. खुर्ची खरं तर काचेकडे तोंड करून नसतेच; कुणी झाडताना फिरवली असेल. त्याने ती तशीच राहू दिली. तपासणीचा कागद छान आला. दुसऱ्या वर्षी खुर्ची पुन्हा काचेकडे होती, आणि तेव्हा ती कुणी झाडताना फिरवलेली नव्हती. दोघं काही बोलले नाहीत. लहानपणी दोघांनी मिळून आईपासून लपवलेल्या गोष्टींची त्याला तेव्हा आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तिसऱ्या वर्षी, तपासणीच्या महिनाभर आधी, त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीतल्या एका माणसाला मागून येणाऱ्या ट्रॉलीचा भोंगा ऐकू आला नाही आणि त्याचं पाऊल गेलं. दवाखान्यातल्या एका पेशंटने ते सहज बोलता बोलता सांगितलं. त्यानंतर तो नीट झोपला नाही. तपासणीच्या दिवशी दादाची पाळी यायच्या आधी तो आत गेला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. दादा आला. खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि बसला. जाड आवाजांना दिवा लागला. मधल्या आवाजांना लागला, पण उशिरा. बारीक आवाजांना लागलाच नाही. त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला, असा वाढवला की दुसरा माणूस कानावरचे गोल फेकून उठला असता. समोर दादाची पाठ, इस्त्रीची कॉलर, गळ्यामागचे पांढरे होत चाललेले केस. आणि मग त्याने एकही आवाज पाठवलेला नसताना, पूर्ण शांततेत, दिवा लागला. दादाने अंदाजाने बटण दाबलं होतं. तो दिवा अजूनही त्याला कधीकधी दिसायचा, दाढी करताना, रस्ता ओलांडताना. त्याने कागदावर खरं ते लिहिलं. दादाला तपासणीच्या खोलीतून उचलून सामानाच्या कोठारात टाकलं, आणि ते दादाला नोटीस बोर्डावर वाचून कळलं. खरं लिहिलं यात चूक नव्हती. हे त्याने स्वतःला हजारदा सांगितलं होतं आणि ते हजारही वेळा खरंच होतं. पण कागद पाठवण्याआधी तो तीन दिवस त्याच्या टेबलावर पडून होता आणि दादाचं घर तिथून पंधरा मिनिटांवर होतं. तीन दिवस तो गेला नाही. घाबरला होता. कारखानेवाले नीट समजावतील, असं म्हणून तो मूग गिळून बसला. दादाने मात्र आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं की त्याला कमी ऐकू येतं. हल्ली लोकच पुटपुटतात, म्हणायचा. वहिनी मुकाट्याने त्याच्या डाव्या बाजूला बसू लागल्या होत्या, कारण तो कान जरा बरा होता.

त्याने वहिनींना फोन लावला. ‘‘कितीला निघताय?’’ त्या म्हणाल्या.

‘‘वहिनी, गाडी सुरू होत नाहीये.’’ बॅटरी हा शब्द जिभेवर तयार होता, अगदी दाताशी येऊन थांबला होता. त्याने श्वास घेतला. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार. ‘‘काल मी ती आठ पावलं हलवली आणि लगेच बंद केली. चूक माझी आहे. तुम्ही सांगितलं होतंत.’’

 मग वहिनींचा आवाज, फोनपासून लांब आणि मोठा, ‘‘अहो, त्यांनी काल थंड इंजिन बंद केलं. आता सुरू होईना.’’ आणि मग एक आवाज आला जो त्याला आधी ओळखूच आला नाही. ‘‘हसू नका,’’ वहिनी म्हणत होत्या, ‘‘टाके ताणतील.’’ दादा हसत होता. ‘‘भाऊजी, हे म्हणतायत, गाढवाला गुळाची चव काय.’’

‘‘त्याला म्हणावं, कबूल,’’ तो म्हणाला. आपणही तिसऱ्या माणसाकडून बोलतोय हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

मग काम सुरू झालं, आणि ते असं की दादा बोलायचा, वहिनी ते उचलून इकडे टाकायच्या, हा विचारायचा, वहिनी ते तिकडे टाकायच्या. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त पाजावं लागतं. मध्येच बंद केलं की ते पेट्रोल आत तसंच साचतं आणि तिकोनी लोखंडाच्या तिन्ही कडांचं तेल धुऊन नेतं. कडा कोरड्या पडल्या की दाब धरत नाहीत, आणि दाबच नाही तर पेट्रोल पेटणार कसं. ‘‘हे म्हणतायत, ती बुडालीय, मेली नाही. नाकातोंडातलं पाणी काढायचं एवढंच.’’ आधी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढायचा, म्हणजे आणखी पेट्रोल येणार नाही. मग ठिणगीची वायर सोडवायची, ‘‘नाहीतर मिशा जातील म्हणतायत. मी सांगितलं, तुम्हाला मिशा नाहीत. तर म्हणतायत, कधी काढल्या?’’  मिशा काढून सात वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत एकाच खोलीत इतक्या वेळा बसूनही दादाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

आता काढायचे प्लग. ते चार होते, दोन वर, दोन खाली. वायरींची अदलाबदल झाली तर सगळं मुसळ केरात, असं दादाने दोनदा बजावलं. त्याने वर जाऊन आपली दवाखान्याची पेटी आणली. तिच्यात लाल आणि निळ्या गोल चिकटपट्ट्या होत्या, उजव्या-डाव्या कानाच्या. त्या त्याने वरच्या आणि खालच्या वायरींना लावल्या, पुढच्यांना एकेक, मागच्यांना दोन-दोन. पेटीतला कानात बघायचा छोटा दिवा काढून प्लगच्या भोकात डोकावून पाहिलं. आत ओलं चमकत होतं. ‘‘वहिनी, आतला पत्रा अगदी लख्ख धुतलेला दिसतोय, तेलाचा मागमूस नाही.’’ वहिनींनी ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, ‘‘विचारतायत, भोकातून दिसलं कसं?’’ त्याने दिव्याचं सांगितलं.  ‘‘म्हणतायत, बरं सुचलं.’’ हा दादाचा शेरा होता आणि तो वहिनींच्या आवाजात आला होता, तरी त्याचे कान गरम झाले. चारही प्लग पुसून, उन्हात फडक्यावर मांडून तो त्यांच्याकडे बघत बसला. मग त्याने गॅरेजवाल्याची बॅटरी जोडली, बायको खाली आली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. ॲक्सिलरेटरवरचा पाय तळापर्यंत दाबून ती पाच आकडे मोजेपर्यंत चावी फिरवायची आणि त्या उघड्या भोकांतून पेट्रोलचं धुकं फसफसत बाहेर यायचं. मध्ये थांबायचं, स्टार्टरला श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा. पाच-सहा वेळा झाल्यावर धुकं संपलं. आता खालच्या दोन्ही भोकांत चमचाभर तेल. कान धुवायची पिचकारी पेटीत होतीच.

एवढ्यात वहिनींना कुणीतरी हाक मारली. सोडण्याचे कागद, सह्या, औषधांची चिठ्ठी. ‘‘भाऊजी, मला जायला हवं. फोन यांच्या हातात देते,’’ त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता गेल्या. फोनमध्ये नुसती खोली ऐकू येऊ लागली. पंख्याची घरघर, लांबवर लोखंडी भांड्यांचा आवाज, जवळ एक श्वास. पिचकारी हातात धरून तो उभा राहिला. दोघांत आता कुणीच नव्हतं.

‘‘हं,’’ दादा म्हणाला.

‘‘तेल घातलंय. आता पुढे?’’ त्याने हे सावकाश म्हटलं, खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा. पेशंटच्या घरच्यांना तो हेच शिकवत असे: ओरडू नका, घाई करू नका, आवाज खाली ठेवा.

‘‘पेशंटशी बोलतोस तसा बोलू नकोस माझ्याशी.’’

‘‘बरं. मग आता पाना लावून हाताने फिरवू का, की थेट स्टार्टर मारू?’’

‘‘काय?’’

तो थांबला. मग पुन्हा सावकाश, खालच्या पट्टीत म्हणाला, ‘‘पाना लावून हाताने फिरवू का.’’

‘‘फिरव. दोन फेरे. तेल कडांना सगळीकडे लागू दे,’’ दादा म्हणाला, आणि या वेळी हरकत घेतली नाही. त्याने पाना लावला. लोखंड आत जडपणे सरकलं. बायकोने वरून डबा आणला होता, पण कुणालाच भूक नव्हती. त्याने प्लग बसवले, लाल लालला, निळा निळ्याला, ठिणगीची वायर लावली. दीड वाजला होता.

‘‘आता नुसता फिरवून बघ. फ्यूज अजून नको,’’ दादा म्हणाला. ‘‘फोन इंजिनाजवळ धर. मला ऐकव.’’

बायकोने चावी फिरवली. त्याने फोन इंजिनावर धरला आणि स्वतःही वाकून ऐकलं. नीट झालं असेल तर तिन्ही कडांचे सारखे ठोके यायला हवेत हे एव्हाना त्याला कळलं होतं. ठोके आले, पण लंगडे. एक भरलेला, मग दोन पोकळ, मग एक भरलेला. चावी थांबली. त्याने फोन कानाला लावला.

‘‘झकास,’’ दादा म्हणाला. ‘‘आलाय की दाब. घाल फ्यूज.’’

शांततेत दिवा लागला होता तो दिवस पुन्हा त्याच्या समोर उभा राहिला. दादाने काहीही ऐकलं नव्हतं. आता फ्यूज घातला तर पुन्हा पेट्रोल भरणार, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि चारच्या आत ते शक्य नव्हतं. आणि फ्यूज घातला नाही तर नऊ वर्षांपूर्वी तोंडावर सांगायचं टाळलं ते त्याला आत्ता, या क्षणी, सांगावं लागणार होतं की तुझं उत्तर चुकलं. बायको काचेतून त्याच्याकडे बघत होती. दोन्ही वाटा त्याला नकोशा होत्या. नऊ वर्षांपूर्वीही दोनच वाटा आहेत असं त्याला वाटलं होतं, खोटं लिहायचं नाहीतर खरं लिहून गप्प बसायचं. तिसरी वाट पंधरा मिनिटांवर होती आणि ती चालून जायची होती. ‘‘दादा,’’ तो म्हणाला, ‘‘मला इथून असं ऐकू येतंय. एक ठोका भरलेला, मग दोन रिकामे. फूस, मग नुसतंच, नुसतंच. मग परत फूस. मला यातलं काही कळत नाही. तू सांग.’’

बराच वेळ पंखा तेवढा ऐकू येत होता. मग दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता, तो कारखान्यातला आवाज होता, ‘‘पुढच्या अंगाला की मागच्या?’’

तो पुन्हा वाकला, बायकोला खूण केली, ऐकलं. ‘‘पुढच्या.’’

‘‘मागचं बरं आहे? सारखं?’’

‘‘सारखं. तिन्ही भरलेले.’’

‘‘मग पुढच्या खालच्या भोकात आणखी अर्धा चमचा तेल घाल. पाच फेरे हाताने. आणि मग पंधरा मिनिटं हात लावू नकोस. मुरू दे.’’

तेल मुरेपर्यंत दोघं फोन धरून बसले. फोन ठेवतो असं कुणी म्हणालं नाही. दादाने विचारलं, मिशा का काढल्यास. पांढऱ्या व्हायला लागल्या म्हणून, तो म्हणाला. दादा म्हणाला, मूर्ख. मग पुन्हा पंखा. एवढी साधी गोष्ट होती ही, एका वेळी एकाने बोलायची, आणि तिच्यासाठी पोटाचं ऑपरेशन आणि ड्रेनेजचं झाकण लागलं. त्याला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळे भरून आले. तेलकट हात असल्यामुळे त्याने ते खांद्याला पुसले. बायको दुसरीकडे बघत राहिली.

पंधरा मिनिटांनी ठोके सरळ आले. फूस, फूस, फूस. त्याने ते मोजून सांगितले. ‘‘घाल फ्यूज,’’ दादा म्हणाला, ‘‘आणि बायकोला सांग, पाय अर्धा.’’ इंजिन आधी एकदा खोकलं. मग दोनदा. मग बायकोने ओठ घट्ट मिटून चावी धरून ठेवली आणि भिंगरी एकदम पेटली. मागून पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की अंगण, पायरी, भिंत, सगळं नाहीसं झालं. वरच्या मजल्यावर कुणीतरी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. कोपऱ्यावरून गॅरेजवाला धावत आला आणि धुराच्या कडेला हात कमरेवर ठेवून उभा राहिला. बायको धुरातून हसत होती, खोकत होती आणि पाय काही काढत नव्हती.

त्याने फोन इंजिनापुढे धरला, अगदी जवळ. मग तो लांब पायरीपाशी गेला. ‘‘ऐकलंस?’’

पलीकडून काही आलं नाही.

‘‘हे फोन असले आवाज गाळून टाकतात, दादा,’’ तो म्हणाला. ‘‘एकसारखा आवाज आला की त्याला गोंगाट समजतात. चांगल्या कानाच्या माणसालाही नाही येत ऐकू.’’ हे खरं होतं, रोजच्या कामातलं होतं, आणि त्याच्या आड कुणालाही आरामात बसता आलं असतं.

‘‘फोनचं नाही रे,’’ दादा म्हणाला. किती वाजले ते सांगावं तसं त्याने सांगितलं. ‘‘मला ऐकू आलं नाही. मघाशीही नव्हतं आलं. तुला तर तेव्हापासून माहीत आहे.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘कागद पाठवायच्या आधी मी घरी यायला हवं होतं, दादा. तीन दिवस होते माझ्याकडे.’’

‘‘यायला हवं होतंस,’’ दादा म्हणाला. ‘‘मी वाट बघत होतो. खुर्ची बघितली तेव्हाच कळलं होतं मला. मला वाटलं, संध्याकाळी येईल.’’

 धूर विरळ होत होता आणि गाडीचा विटकरी रंग हळूहळू परत दिसू लागला होता.

‘‘बरं, आता सांग,’’ दादा म्हणाला. ‘‘कशी वाजतेय?’’

तो पायरीवर बसला आणि त्याने डोळे मिटले. ‘‘तळाशी एक जाड घरघर आहे,’’ त्याने सावकाश, खालच्या पट्टीत सुरुवात केली. ‘‘ती एकसारखी आहे, तुटत नाही. तिच्यावर एक बारीक सूर आहे, पाय वाढवला की वर चढतो. आणि उजवीकडून मधूनमधून एक टिक्‌ येतं.’’

‘‘टिक्‌ वरून की खालून?’’

‘‘वरून. पट्ट्याजवळून.’’

‘‘किती वेळाने?’’

तो ऐकत राहिला. ‘‘चार मोजले की एकदा.’’

‘‘ते राहू दे, जुनंच आहे,’’ दादा म्हणाला. ‘‘त्या बारीक सुराचं सांग. तो मला फार दिवसांत ऐकू आलेला नाही.’’